एका किकची गाडी

माझं माहेर गोंदिया जिल्ह्यात देवरीजवळ, हायवेला अगदी लागून. लहानपणी अंगणात तांदूळ निवडायला बसले की माझं लक्ष सुपापेक्षा समोरून जाणाऱ्या ट्रकांवर जास्त असायचं. गुजरात, बंगाल, ओडिशा, पंजाब, सगळ्या मुलखांच्या पाट्या मी तिथेच बसून वाचल्या. एकदा वडिलांना विचारलं, हा रस्ता जातो कुठे? ते म्हणाले, "रायपूरले." आणि रायपूरच्या पुढे? "पुढं काय आहे आपलं?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. शेजारच्या हॉटेलात चहाला थांबलेल्या एका ड्रायव्हरने मात्र मला नीट सांगितलं, की बेटी, ये सडक दोनों तरफ समुंदर तक जाती है. एकीकडे गुजरातचा समुद्र, दुसरीकडे ओडिशाचा. आपल्या अंगणासमोरच्या रस्त्याच्या टोकाला समुद्र आहे आणि आपण जातो फक्त देवरीच्या शाळेपर्यंत, याचा मला तेव्हाही राग यायचा.

लग्न होऊन मी आले ती हायवेपासून बरंच आत, धानाच्या बांध्यांनी, म्हणजे शेतांनी, वेढलेल्या गावात. सासरचे लोक तलाव बांधणाऱ्या घराण्यातले. गावचा तलाव यांच्याच कुठल्यातरी खापरपणजोबांनी बांधलेला, आणि त्याचा घरात एवढा अभिमान की नव्या सुनेला देवळात नेण्याआधी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेऊन उभं करतात. मलाही केलं. सासूबाई म्हणाल्या, "पाह्य, हे आपलं पानी. पन आपलं नाई. ज्याले लागंल त्याचं." मी मान हलवली. नवी नवरी दुसरं काय करणार?

घर मोठं, माणसं पुष्कळ, आणि माझा नवरा अबोल. अबोल म्हणजे असा, की भाजीत मीठ जास्त पडलं तर हे तांब्याभर पाणी पिऊन उठणार, पण तोंडातून शब्द काढणार नाहीत. मी शाळेत शिकवते, जिल्हा परिषदेच्या. दिवसभर पोरांच्या कलकलाटात राहून घरी आलं की माणसाला वाटतं, कुणीतरी आपल्याशी धड चार वाक्यं बोलावीत. हे विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे. "जेवलात का?" "हौ." "धान कसं आहे?" "आहे."

पण गाडीवर हे बोलायचे.

ते मला लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना कळलं. यांची तेव्हाची गाडी म्हणजे खडखडाट होता नुसता. गाव मागे पडलं, जंगल लागलं, आणि समोर पाहत पाहतच हे बोलायला लागले. या झाडाखाली लहानपणी मला मार पडला होता, इथं रानडुकरानं आडवं पाडलं होतं, मला शिकायचं होतं पण बारावीनंतर बाप म्हणाला बांधी कोण पाहणार. मी मागे बसून ऐकत होते. वारा निम्मं बोलणं उडवून न्यायचा, म्हणून मी हनुवटी यांच्या खांद्यावर टेकवली. माहेर आलं तसे हे गप्प. आणि परतताना पुन्हा सुरू. मला वाटतं, समोर माणसाचं तोंड नसलं की यांना बोलता येत होतं.

तेव्हाच मी ठरवलं. माझ्या माहेरासमोरच्या त्या रस्त्याच्या टोकापर्यंत जायचं, ओडिशाच्या समुद्रापर्यंत, आणि जायचं ते गाडीवरच, यांच्या मागे बसून. लोक म्हणतात, त्यात काय, रेल्वेने जा, झोपून जाल. मला समुद्र पाहायचा नव्हता असं नाही, पण मला त्याहून जास्त हवे होते ते रस्त्यातले दिवस. एवढ्या लांबच्या रस्त्यात हे किती बोलले असते, याचा मी मनात हिशेब करायची आणि खुश व्हायची.

जुनी गाडी शेवटी एका उन्हाळ्यात बसली ती उठलीच नाही. आमचा मुलगा तेव्हा बाहेर शिकायला होता, त्यामुळे नव्या गाडीचा विचारच नव्हता. जुनीच घ्यायची, पण मी म्हटलं, या वेळी गाडी मी निवडणार. हे माझ्याकडे पाहतच राहिले. मला गिअरची गाडी चालवता येत नाही, आजही येत नाही. पण मागे बसणारीलाच गाडी कशी आहे ते जास्त कळतं, असं माझं म्हणणं आहे. पुढच्याच्या हातात हँडल असतं, मागचीच्या हातात नुसता भरवसा असतो.

मग मी अभ्यासाला लागले. मोबाईलवर लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहायचे. जाड जाड जाकीट घातलेली तरुण मुलं हिंदीत सांगायची, पुरानी गाडी लेते समय ये देखो, वो देखो. मी ते सगळं पाठ केलं. गेल्याबरोबर इंजिनावर तळहात ठेवायचा. ते गरम असलं तर विकणाऱ्याने आपण यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवली आहे, म्हणजे थंड असताना ती त्रास देते. सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरायचा, तेलाचे काळे शिंतोडे आले तर इंजिन तेल खातं. चेनच्या चक्राचे दाते टोकदार झालेत का पाहायचं. मागचं चाक हाताने हलवून पाहायचं. एकाने मागे उभं राहून पाहायचं, गाडी सरळ जाते की खेकड्यासारखी. हे हसायचे. म्हणायचे, "गाडी पाहून राहिली का बैल?"

पहिली गाडी आम्ही गोंदियात पाहिली, जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे. तो माणूस गोड बोलायचा. "मॅडम, सिंगल ओनर, डॉक्टर साहब की गाडी है, घर से क्लिनिक, क्लिनिक से घर." गाडी चकचकीत, मीटरवर आकडा अगदी कमी. मी खाली वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं, ते झिजून गुळगुळीत झालेलं. मी विचारलं, डॉक्टरसाहेब काय घर ते क्लिनिक ब्रेक दाबूनच जात होते का? तो मोठ्याने हसला आणि चहा मागवायला लागला. आम्ही चहा न घेता निघालो.

दुसरी आमगावच्या एका पोराची. गाडी दमदार होती, यांच्या डोळ्यात चमक आली. पण मागची सीट अशी उंच आणि तिरपी, की तिच्यावर बसायचं म्हणजे खापराच्या छपरावर बसल्यासारखं. मी त्या पोराला म्हटलं, "मी कुठं बसायचं रे बाबा?" तो म्हणाला, "काकू, हे मागं बसवासाठी नाईच." मी म्हटलं, मग मला ही गाडी नकोच.

तिसरी नागरा गावाजवळच्या एका घरी, मालक नोकरीला दूर, गाडी अगदी नव्यासारखी म्हणे. नव्यासारखीच होती, कारण कोणी चालवलीच नव्हती. धानाच्या तणसाच्या ढिगाशेजारी उभी करून ठेवलेली. सीट उचलली तर खाली उंदरांनी संसार मांडलेला, वायरी कुरतडलेल्या, आणि पेट्रोलच्या टाकीत आत गंज. घरच्या बाई मलाच विचारायला लागल्या की हे साफ कसं करायचं.

मी कंटाळले नाही, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जी गाडी विकणारा चांगली म्हणतो ती चांगली असेलच असं नाही. मग कोण सांगणार? मला एकदम सुचलं, शेजारी सांगतील. खेड्यात माणूस गाडी मागायला जातो तो सगळ्या गाड्यांकडे पाहून जातो. कुणाची भरवशाची, कुणाची मध्येच बंद पडणारी, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. म्हणून मी ठरवलं, आता गाडी पाहायची नाही, आधी गावात विचारायचं की अडीअडचणीला तुम्ही कुणाची गाडी नेता. हे सुचल्याचा मला इतका आनंद झाला की मी यांना शेतात जाऊन सांगून आले. आज त्या आनंदाची मला कीव येते.

अशी विचारत विचारत मी पोहोचले देवरीकडच्या जंगलपट्ट्यातल्या एका गावात. माझ्या मामेबहिणीने सांगितलं होतं, तिथे एक जण गाडी विकणार आहे. गावाच्या तोंडाशी पानठेल्यावर विचारलं तर ठेलेवाला म्हणाला, "ते काळी गाडी? ते तं गावाचीच आहे समजा." कोणाच्या पोराला ताप आला, ती गाडी. कोणाची लेक बाळंत होणार, ती गाडी. परीक्षेला जायचं, बस चुकली, ती गाडी. थंडीत, पावसात, एका किकमध्ये सुरू होते, कधी कोणाला रस्त्यात सोडलं नाही. मी मनात म्हटलं, झालं. ज्या गाडीवर अख्खं गाव आपल्या बाळंतिणी पाठवतं, ती मला समुद्रापर्यंत नेणार नाही?

मालक गोंड शेतकरी, आमच्याहून वयाने थोडे मोठे. घरात बायकोशी गोंडीत बोलत होते, आमच्याशी बोलायला आमच्या बोलीत आले. गाडी काळी, लांब सरळ सीटची, बऱ्याच ठिकाणी रंग उडालेली. मी इंजिनावर तळहात ठेवला. थंडगार. त्यांनी एक किक मारली आणि गाडी सुरू झाली, तिचा आवाज संथ आणि एकसारखा. रुमाल पांढराच राहिला. हे मागे उभे राहिले, मालक गाडी घेऊन सरळ गेले आणि सरळ आले. यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

मग मी विचारलं, इतकी चांगली गाडी विकता कशाला? ते हसून म्हणाले, "बाई, घरी राहतच नाई ना ते. गाडी माही, अन् मी सायकलनं फिरून राहिलो." मीही हसले. ते पुढे म्हणाले, "हे गाडी कोनाले नाई म्हनत नाई." मला ती गाडीची तारीफ वाटली. भला माणूस, त्याने मला सगळं सांगितलं होतं.

आम्ही निघालो तेव्हा गावातली माणसं रस्त्यावर आली होती. एका म्हाताऱ्या बाईने सीटवरून हात फिरवला आणि मालकाला विचारलं, "आता आमी कोनाची नेवाची गा?" मी मागे बसले, हनुवटी खांद्यावर टेकवली. हे घरी येईपर्यंत बोलत होते. दिवाळीच्या सुट्टीत निघू, म्हणाले. पहिला मुक्काम रायपूरला करू. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघू म्हणजे ऊन लागायच्या आत बरंच जाऊ. ते सगळं यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, मला न सांगता. त्या दिवसाइतकं खुश मी नंतर कधी झाले की नाही, आठवत नाही.

घरी गाडीला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आमगावच्या शिंप्याकडून मी ताडपत्रीच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवून आणल्या, सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या. एक यांची, एक माझी.

गावाला आमच्या गाडीचा गुण कळायला वेळ लागला नाही. गावात गाड्या काही कमी नव्हत्या. पण कुणाची किक लागेना, कुणाच्या टायरात हवा नाही, आणि ज्यांची चांगली होती त्यांना नाही म्हणायला येत होतं. सकाळी दारात कुणीतरी उभं राहायचं. "वयनी, भाऊ आहे का? जरा गाडी पायजे होती." हे आतूनच म्हणायचे, "चावी खिळ्याले आहे." मी एकदा चिडून विचारलं, तुम्ही कुणालाच कसं नाही म्हणत नाही? यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाले, "पानी कोनाले नाई म्हनलं का आपल्या घरानं? हे तं गाडी आहे." मी सून होऊन आले तेव्हाच तलावाच्या पाळीवर मान हलवून बसले होते.

पहिली दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळी म्हणजे धानाची कापणी, आणि कापणी हाताशी येते न येते तोच मंडई, म्हणजे गावची जत्रा. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी. लेकी-जावई, पाहुणे, रात्रभर दंडारीचं नाटक, बाजार, आणि घरोघरी चुली पेटलेल्या. माझी सुट्टी नेमकी त्याच दिवसांत. हे म्हणाले, "मंडई होऊ दे, मंग निंगू." आमच्या गावची मंडई झाली तर यांच्या बहिणीच्या गावची आली. तिच्या गावची झाली तोवर माझी शाळा सुरू झाली. त्या दिवसांत गाडी दंडारवाल्यांना आणायला जायची, पाहुण्यांना सोडायला जायची, बाजारातून मटण आणायला जायची. माझ्या पिशवीतून कुणीतरी तलावातले मासे आणले. किती धुतली तरी तिचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

दुसऱ्या दिवाळीला मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं. मंडईला मी गावात नसणार. सासूबाई रुसल्या, नणंद रुसली, मी ऐकलं नाही. पिशव्या भरल्या, गाडीला लटकवल्या, पोळ्या बांधून घेतल्या. सकाळी चपला घालून मी बाहेर आले आणि बघते तर शेजारच्या घरचे कर्ते घामाघूम उभे. त्यांच्या सुनेच्या कळा सुरू झाल्या होत्या आणि सरकारी गाडी दुसरीकडे गेली होती. यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पिशव्या काढून ओट्यावर ठेवल्या. दुपारी परत आले ते हातात पेढे घेऊन. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आता यावर कुणी काय रागवायचं? पण मला राग आला होता. पेढा तोंडात घोळत होता आणि मला रडू येत होतं. ती मुलगी आता आमच्या अंगणात खेळायला येते, मी तिचे लाड करते. तिच्याकडे पाहून मला अजूनही तो ओटा आठवतो.

उन्हाळ्यात आमच्याकडे बाहेर निघायची सोय नाही, रस्ता तव्यासारखा होतो. म्हणून पुन्हा दिवाळी, पुन्हा मंडई, पुन्हा पुढची दिवाळी. दर वर्षी मी एकदा तरी विषय काढायची, हे एकदा तरी हो म्हणायचे.

एकदा आम्ही खरंच निघालो. कुणाला न सांगता, सकाळी, चोरून पळून जाणाऱ्या पोरांसारखे. हायवेला लागलो तसे हे बोलायला लागले. मला म्हणाले, "पुढच्या गोष्टी मी अजून सांगितल्याच नाई तुले." कसल्या, विचारलं तर म्हणाले, "मोठ्या आहेत. समुद्र येईपर्यंत पुरतील." माझ्या माहेरासमोरून गेलो तेव्हा मी मुद्दाम थांबू दिलं नाही. देवरीत मात्र चहाला थांबलो. तिथून छत्तीसगडच्या सीमेचा नाका काही दूर नाही. तेवढ्यात यांचा फोन वाजला.

गावातल्या एका मुलीची पोलीस भरतीची मैदानी परीक्षा होती, गोंदियाला, त्याच दिवशी दुपारी. तिच्या भावाची गाडी निघताच बंद पडली होती, आणि ती मुलगी आमच्या गावाजवळच्या फाट्यावर उभी होती. दुसरं वाहन मिळत नव्हतं. फोनवर तिचा बाप बोलत होता, आणि मला बाजूला उभं राहून ऐकू येत होतं. "भाऊ, तुमची गाडी कुटं आहे?" हे चहाचा ग्लास हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. मी पूर्वेकडे पाहिलं. रस्ता सरळ गेलेला होता, ट्रक जात होते, तशाच पाट्या, लहानपणीसारख्या. मी म्हटलं, चला परत. मीच म्हटलं, यांना म्हणायला लावलं नाही. ती मुलगी भरती झाली की नाही ते मी कधी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर हे एक शब्दही बोलले नाहीत, आणि मी हनुवटी खांद्यावर टेकवली नाही.

मी निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता सुट्टीची भानगडच नाही, कधीही जाऊ. त्याच वर्षी यांची कंबर गेली. उभं आयुष्य बांधीत वाकण्यात गेलेलं, मणक्यांनी शेवटी बोलून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, दुचाकी बंद, मागे बसायचंही नाही. मुलगा म्हणाला, आई, मी गाडी करतो, चारचाकी, तुम्हाला समुद्र दाखवून आणतो. चांगला आहे तो. मी म्हटलं, बघू. चारचाकीत हे पुढे बसणार, मुलगा चालवणार, गाणी लागणार, आणि हे "हौ" म्हणत जातील समुद्रापर्यंत. त्याला काय सांगू मी?

गाडी अजूनही एका किकमध्ये सुरू होत होती. या सगळ्या वर्षांत ती किती धावली असेल, कोण जाणे. समुद्रापर्यंत जाऊन कितीदा परत आली असती एवढी, पण सगळी या जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. शेवटी मीच म्हटलं, विकून टाकू. हे "हौ" म्हणाले.

या दिवाळीच्या तोंडावर एक जोडपं आलं पाहायला, आमगावकडचं, नवीन लग्न झालेलं. पोरगा गाडीभोवती फिरत होता, मोबाईलवर फोटो काढत होता. मुलगी सरळ पुढे आली आणि तिने इंजिनावर तळहात ठेवला. "थंड आहे," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने किक मारली, गाडी सुरू झाली. तिने ओढणीचं टोक सायलेन्सरमागे धरून पाहिलं. मग मागच्या सीटवर बसून पाहिलं, नीट, मागेपुढे सरकून.

"काकू, लांबच्या प्रवासाले चालंल ना?" तिने विचारलं. "आमाले अमरकंटकले जावाचं आहे. जमलं तं पुढंही."

"चालेल," मी म्हटलं.

"तुमी किती लांब गेल्ते हिच्यावर?"

हे ओसरीत बाजेवर पडून होते, सगळं ऐकत होते. मी म्हटलं, "देवरीपर्यंत." पोराला ते विनोदी वाटलं, तो हसला. मी म्हटलं, "म्हणून तुम्हाला सांगते. घेतली की इथूनच निघा. आधी घरी नेऊ नका."

दोघंही हसले. पोरगा म्हणाला, "असं कसं काकू, गावची मंडई आहे ना. मंडई झाली का निंगतोच."

"हौ, मंडई सोडून कसं जमंल," बाजेवरून हे म्हणाले.

माझा आवाज चढला. इतक्या वर्षांत चढला नव्हता तेवढा चढला. "मंडई झाली की, मंडई झाली की म्हणत माझं जायचं राहून गेलं!" पोराच्या तोंडावरचं हसू गेलं. मुलगी माझ्याकडे पाहत राहिली, आणि मला लाज वाटली, परक्या पोरांसमोर असं बोलल्याची. मी चावी तिच्या हातात दिली, त्याच्या नाही. ताडपत्रीच्या पिशव्याही दिल्या, एकीला मासळीचा वास आहे असं सांगून.

ती दोघं निघाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता फुटतो, डावीकडे हायवेला, उजवीकडे आमगावला. मी दारात उभी राहून पाहत होते. मुलीने हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवली होती. गाडी क्षणभर थांबली आणि उजवीकडे वळली.

काठी टेकत हे माझ्या मागे येऊन उभे राहिले होते, मला कळलं नाही.

"मलेई जावाचं होतं वं," हे म्हणाले.

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हे गप्प झाले असते. समोर पाहतच मी विचारलं, "समुद्र येईपर्यंत पुरतील म्हणालात, त्या कोणत्या गोष्टी होत्या?"

गाडीचा आवाज लांब जाऊन ऐकू येईनासा झाला. मग काठीचा आवाज आला. हे आत जाऊन पुन्हा बाजेवर पडले होते.